डोक्याएवढी काच

देवगडात, जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान.
पासपोर्ट, झेरॉक्स, लॅमिनेशन,
आणि गेलेल्यांच्या फोटोला
हार घालून देणं, ताज्या फुलांचा, कधी न सुकणारा.

वैजयंती कोयंडे आली, मोबाइल पदराने पुसत.
'ह्यो एकच फोटो असा तिचो.'

तारामुंबरीच्या घरातून काढलेला,
दिवेलागणीला, डासांपायी बंद केलेल्या काचेतून.
फोटोत ट्यूबलाइट होती,
पतपेढीचं कॅलेंडर, आकडे उलटे,
कुकर, दोरीवरचा टॉवेल,
आणि या सगळ्या संसाराच्या पाठीमागे कुठेतरी
काळोखाच्याच रंगाची होडी.

'सातेरीप्रसाद' आता मिठमुंबरीच्या खडकांवर
फळी फळी होऊन पडलेली.
विमावाल्यांना नाळेवरचा नंबर हवा.
'आणि माजी टकली तेवढी काढून टाक,
मधीच इली हा.'

आधी उजेड वाढवला.
उजेड वाढवला म्हणून काळोख उजळत नाही,
तो फुटतो.
लाल, हिरवे, निळे दाणे,
सुपातून कोंडा उडावा तसे पडदाभर.
दाणे पुसले, तर समुद्र मेणाचा झाला,
फळ्यांच्या सांध्यातलं डांबर गेलं.
थोडे दाणे परत आणले.
समुद्राला तेवढे लागतात.

मग काचेवरचं घर उतरवायला घेतलं.
ट्यूब सोलून काढली, कडेकडेने.
कॅलेंडर गेलं, टॉवेल गेला.
कुकरची शिटी मात्र
झेंड्याच्या काठीवर जाऊन बसलेली,
काही केल्या उतरेना.

उरलं डोकं.
सैल अंबाडा, वर धरलेली दोन कोपरं.
पुसायला गेलो आणि हात थांबला.
नंबर डोक्याच्या आत होता.

बाकी सगळ्या काचेवर घराचा उजेड चढलेला.
एवढ्याच जागी तिने तो पाठीवर अडवला होता,
एवढ्याच जागी काच आरपार राहिली,
आणि पलीकडे नाळ, पांढऱ्या रंगातली अक्षरं,
शेवटी एक सहा. किंवा आठ.

'टकली काढलंय तर नंबर जातलो.'

ती पडद्याशी वाकली.
केसांना खाऱ्या सुंगटांचा वास.
'आठ,' म्हणाली. 'माज्याच हातचो तो.
रंग सोपत इल्लो.'

साहेबाने म्हणे फोटोवर पेन टेकवून विचारलं,
हा काळा डाग कसला?
'मी,' तिने सांगितलं,
आणि पुढे काय झालं ते मला कळलं नाही.
परवा बाजारात दिसली, वाटा लावत बसलेली.
विचारणार होतो, पण समोर गिऱ्हाईक होतं,
घासाघीस चाललेली.

फाइल अजून आहे माझ्याकडे:
'कोयंडे शेवटचा', 'कोयंडे शेवटचा दोन',
'कोयंडे खरोखर शेवटचा'.
तिन्हींत शिटी
काठीवर तशीच.