रकाना क्रमांक सात

फॉर्म मीच भरला.
नानांचं मराठी बोलण्यापुरतं, सही तेलुगूत,
गोल गोल, लुगड्याच्या काठावरच्या वेलीसारखी.
मालकाचं नाव : मल्लय्या सायन्ना इराबत्ती.
पत्ता : अक्कलकोट रोड, पाण्याच्या टाकीमागे.
रंग : मोरपंखी.
सातव्या रकान्यात दोन चौकोन,
मूळ आणि प्रतिकृती,
खाली बारीक अक्षरात : एकावरच खूण करावी.

"नक्कल लिही," नाना म्हणाले,
कार्बोरेटरमधून मान न काढता.
"नक्कल नाही नाना, प्रतिकृती."
"तेच ते. इस्त्री केलेलं."

नऊ वर्षांचे असताना ते मिलच्या फाटकाशी
बापाचा डबा घेऊन उभे राहायचे.
भोंगा व्हायच्या आधी मॅनेजरची मॉरिस यायची,
अडतीस सालची, उघड्या टपाची.
वॉचमन म्हणायचा, हात मागं.
हात मागं ठेवून त्यांनी ती अकरा महिने पाहिली.
मग बापाला पाळी बदलून मिळाली.

त्यानंतर पन्नास वर्षं यंत्रमाग दुरुस्त करून
त्यांनी ती परत बांधली :
भंगारातल्या जीपची चासी, पद्मिनीचं इंजिन,
दरवाजे डाइंगच्या फुटक्या हौदाच्या पत्र्याचे.
आजही ओरखडा गेला की
मोरपंखीखालून लाल डोकावतो.
मापं कुठून आणली, तर
बॉनेट हनुवटीपर्यंत, दिवा छातीपर्यंत,
आरसा टाचा उचलल्यावर.
पण तेव्हा ते केवढे होते
हे सांगायला कोणी उरलं नव्हतं,
आणि शाळेच्या दाखल्यावर उंची लिहीत नाहीत.

गड्ड्याचे पाळणे उतरून आठवडा झाला होता.
त्याच मैदानावर चुन्याच्या रेघा मारून
गाड्या लावल्या. आमचा नंबर एकोणीस.
अठरावर वीरभद्र कोनापुरे,
त्यांच्या आजोबांनी मिलच्या लिलावात घेतलेली
मॉरिस. मोरपंखी.

मला वाटलं नाना धावतील.
त्यांनी आधी तार पाहिली,
बॉनेटच्या डाव्या कडीच्या जागी गुंडाळलेली तार,
आणि मग गाडी.
हात आपोआप मागं गेले.
शेजारी शेजारी लावल्यावर कळलं,
आमची चार बोटं उंच आहे.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांच्या हातात पांढरे मोजे,
खिशात लोहचुंबक.
आमच्या गाडीला ते जिथं लावलं तिथं चिकटलं,
काढताना त्यांना जोर लावावा लागला.
अठराच्या मागल्या मडगार्डवरून मात्र घसरलं,
लांबी भरली होती आत, बोटभर.
त्यांनी चुंबक पुसलं, खिशात टाकलं,
वहीत काय लिहिलं ते दिसलं नाही.
कप अठरा नंबरला गेला. बरोबरच आहे,
ती होती ना तिथं, फाटकात, खरोखर.
आमच्या गटात तीनच गाड्या होत्या,
आम्ही तिसरे.

चहाच्या वेळी कोनापुरे आमच्या बॉनेटपाशी वाकले.
"ही कडी कुठं मिळाली?
मुंबई पालथी घातली, कोइंबतूरला माणूस पाठवला."
नानांनी कानामागं खाजवलं.
"मिळाली नाही. आठवली."
"विकता? बोला तुम्ही. किती?"
बराच वेळ ते कडीची जीभ
उघडत होते, लावत होते. टक्. टक्.
"ही देता येत नाही, साहेब. ही ओरिजनल आहे.
नक्कल करून देतो. बुधवारी या."

कोनापुरे हसले नाहीत. बुधवार, म्हणाले,
आणि नंबर लिहून घेतला.

येताना कन्ना चौकात गाडी बंद पडली,
दोन रिक्षावाल्यांनी ढकलली,
एकानं विचारलं, खरी आहे का हो?
नाना म्हणाले, जड आहे ना?

रात्री जेवण झाल्यावर
चादरीची नक्षी काढायचा चौकटीचा कागद
त्यांनी जमिनीवर पसरला,
पेन्सिल जिभेला लावली,
आणि मध्येच थांबून मला विचारलं,
"कडी केवढी काढू गं?
त्याच्या मापाची, का माझ्या?"