व्यत्यास

सुदामानगरच्या मागे, जिथे कॉलनी संपते
आणि हरभऱ्याचं शेत अजून पुरतं हटलेलं नाही,
तिथे माझा प्लॉट. तीस बाय पन्नास. कागदावर.

थावरिया मिस्त्री आलीराजपूरचा.
खिशातून सुतळी काढतो, हात-हात अंतरावर गाठी,
घामानं काळ्या पडलेल्या.
कोपऱ्यातली खुंटी धरून झीतरी बसली आहे,
पाठीला बांधलेलं पोर झोपेत.
रस्त्याच्या अंगाला तीन गाठी.
सक्सेनांच्या कुंपणालगत चार.
मग तो या टोकाकडून त्या टोकाला तिरपा चालतो,
आणि पाचवी गाठ पोचतच नाही.
दोन बोटं कमी.
"गुनिये में नहीं है, मॅडम."

एकतीस वर्षं मी हेच शिकवलं,
रामबागेतली शाळा, मराठी माध्यम,
शेवटच्या वर्षी वर्गात अकरा मुलं.
पक्ष, साध्य, सिद्धता.
काटकोन आम्हाला फुकट मिळायचा,
कोपऱ्यात इवलासा चौकोन, छापूनच आलेला.
तो कुणी केला, कशानं केला,
कुणी विचारलं नाही. मीही नाही.
त्याच पानाच्या तळाशी व्यत्यास असे, दोन मार्कांचा.
फेब्रुवारी आली की म्हणायचे,
राहू द्या, ऑप्शनला टाका.

थावरिया चौथ्या गाठीची खुंटी उपटतो.
आत घेतो एक बोट. अजून एक.
"थोडा और," झीतरी म्हणते, तिला दिसतंय.
अजून.
सुतळी ताठ होते, छेडली तर वाजेल अशी,
आणि तिकडे, जिथे आम्ही कुणी हातही लावला नव्हता,
झीतरीच्या गुडघ्यापाशी
काटकोन झालेला असतो.

"हे कुणी शिकवलं?"
"मामा ने."
"आणि मामाला?"
तो फक्कीची पिशवी फोडतो.

नऊ, सोळा, पंचवीस मी मनात म्हणून घेते, सवयीनं,
मग पर्सच्या पावतीवर पुढचं गणित:
भिंत सरळ घेतली तर कुंपणालगत
जमिनीची एक पाचर उरणार,
पुढे शून्य, मागे पावणेदोन फूट.
रजिस्ट्री माझ्या नावाची, खोलीत न येणारी.
"इथे काय करायचं?"

थावरिया कोपर आणि अंगठ्यात सुतळी गुंडाळतोय,
उद्या स्कीम अठ्ठ्याहत्तरला दुसऱ्या कुणाची खोली.
उत्तर झीतरी देते, पोर सावरत, उठता उठता:
"मीठा नीम लगा दो."