तीट

म्हणतात, खाटेवरून पडला.
काणकोणचं आरोग्य केंद्र, रात्रीचे पावणेदोन,
केसपेपरवर अजून नाव नाही, फक्त
‘बेबी ऑफ सुलक्षा’, अकरा आठवडे.

अकरा आठवड्यांचं मूल
ठेवाल तिथेच असतं,
पाटावरच्या नारळासारखं.
कुशीवर वळता येत नाही त्याला
खाटेची कड कुठून सापडली?

विचारत नाही. अजून नाही.
आधी कोमट पाण्याने हात धुते.

गालावरची तीट कापसाने पुसते, निघते.
कपाळावरची निघते.
कमरेपाशी निळा डाग आहे तो जन्माचा,
आपल्याकडे कितीतरी पोरांना असतो, ओळखते मी त्याला.
कानामागची निघत नाही.
पुन्हा पुसते.
सिस्टर इमेल्दा न बोलता टॉर्च जवळ आणते.

वरचा ओठ उचलते :
हिरडीशी बांधणारा बारीक पडदा फाटलाय.
बरगड्यांवरून बोट नेते, पाठीकडून, हळू.
तो रडत नाही.
रडायला हवा होता.

आजी म्हणते, ‘खाटीवयल्यान पडलो.’
बाप म्हणतो, पाळण्यातून.
आई ओढणीच्या टोकाला गाठ मारते,
सोडते, परत मारते.

नऊ वर्षांपूर्वी वाळपईला
मी ‘पडला’ असं लिहिलं होतं.
तीन अक्षरं, पाच सेकंद.
मांडीवरचं निळं दिसलं होतं मला,
पण बाप इतका सभ्य,
मुलाची टोपी सारखी नीट करत होता.
तापाचे थेंब लिहून दिले.
आठव्या दिवशी तेच मूल परत आणलं.
टोपी तीच होती.

आज लिहिते :
डाव्या कानामागे, दीड सेंटिमीटर, जांभळा.
दंडावर दोन, पिवळट.
रंगावरून दिवस सांगता येत नाहीत,
म्हणून फक्त रंग.
‘कुणी’ हा रकाना माझा नव्हे.
पोलिसांना फोन, बांबोळीला फोन :
सगळ्या हाडांचे एक्स-रे लागतील,
डोळ्यांच्या आतही बघा.

रुग्णवाहिकेच्या पायरीवर आई पहिल्यांदा बोलते.
‘डॉक्टर, परत तीट लावूं?
रात्रीचो करमल घाट आसा.’

पर्समधली काजळपेन्सिल काढून देते.
उजव्या गालावर ती ठिपका ठेवते, गोल, नेमका.
हात अजिबात थरथरत नाही तिचा.

मी तेही बघून ठेवते.