दुसऱ्याने भरलेलं काडतूस

दुसऱ्याने भरलेलं काडतूस झाडायचं नाही,
हा आमच्या क्लबातला पहिला नियम.
हेइमोने तो दफनाच्या दिवशीच आठवून दिला,
कॉफीचा कप बशीत टेकवता टेकवता, हळूच:
ओर्वोक्की, तळघरातला तो डबा. वापरू नकोस हं.

"दुसऱ्याने" हा शब्द तेवढा लागला.
एकेचाळीस वर्षं एका पांघरुणाखाली निजलेला माणूस
दुसरा?

मार्च उजाडला. तळं अजून दगडासारखं.
मी खाली गेले. सौनाच्या उबदार भिंतीला लागून
ताइस्तोचं टेबल, टेबलावर दाबयंत्र,
त्याच्या दांड्याचा रंग तळहाताएवढ्या जागेत उडालेला.

दारूला तो शिवायचा नाही. ही एक सोडून:
करडी, कोरडी, बारीक चकत्यांची.
गावातले पुरुष ग्लास भरत बसायचे
तेव्हा हा पितळेच्या पुंगळ्या भरायचा.
तराजूची दांडी रेघेवर येईपर्यंत
श्वास धरून बसायचा, आणि त्या वेळी
मी जिन्यावरून उतरलेलंही त्याला खपायचं नाही.
मी बायकांना सांगायची, आमच्याकडेही दारू आहे बाई,
पण तोलून.

डब्यात पन्नास खण. सत्तेचाळीस भरलेले.
पुस्तकातल्या ओळीसारखे, डावीकडून उजवीकडे,
तो भरत गेला तसे.

पोकळ हातोड्यात काडतूस अडकवायचं,
ओंडक्यावर आपटायचं. एक, दोन,
तिसऱ्या ठोक्याला शिसं सुटतं,
मागून दारू येते, सुस्कारल्यासारखी.
ती पारड्यात ओतायची गरज नव्हती.
मी ओतली.
दहा. वीस. तीस. दांडी दर वेळी रेघेवर,
जणू त्याचा हात अजून पारड्याखाली होता.

तेहेतिसावं जरा हलकं.
छत्तिसाव्यात काहीच नाही. पुंगळी, टोपी, शिसं,
आणि मध्ये नुसती हवा.
छत्तिसावं म्हणजे साधारण ऑक्टोबर.
ऑक्टोबरात त्याने मला दोनदा विचारलं होतं
गाडी कुठे लावली, आणि दोनदा मी हसले होते.
एकेचाळिसाव्यात दुप्पट.
ते माझ्या पिस्तुलात गेलं असतं तर
पिस्तूलही राहिलं नसतं, मनगटही.
मी खुर्ची ओढून बसले.

माणसाचा काही नेम नाही म्हणतात.
याचा तर होता. रोज जेवणानंतरचा,
सुट्टी नाही, सबब नाही.
तो कुठल्या संध्याकाळी चुकला
ते मला पितळ फोडून कळावं?

सत्तेचाळिसावं शेवटचं.
तीन ठोके. ओतली.
दांडी डोलली, डोलली, आणि
रेघेवर थांबली.

खूप वेळ मी ती पारड्यातून काढलीच नाही.

मग सगळी दारू अंगणात नेली,
काळ्या बेरीच्या झुडपाखाली, बर्फावर पसरून विखुरली.
शिसं वेगळ्या बरणीत. त्याच्या जुन्या पायजम्याच्या
चिंध्या कापल्या, तेलात बुडवून नळीतून ओढल्या.
पहिली काळी आली. दुसरी काळी. सहावी करडी.
नववीवर पायजम्याची निळी रेघ दिसली तेव्हा थांबले.
स्प्रिंग बदलायला झालीय. ते पुढल्या महिन्यात.

गुरुवारी शाळेखालच्या बंकरात
मी माझीच भरलेली पन्नास घेऊन गेले.
मीही नेमबाज आहे. त्याच्याहून बरी,
हे त्याने एकदाच मान्य केलं होतं, तेही तापात.

हेइमोने कानटोपाची एक बाजू उचलली:
काढलीस सगळी? किती खराब निघाली?

एकही नाही, मी म्हटलं.

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला,
मग दिव्यांच्या बटणाकडे वळला.
पंचवीस मीटरवर पाच पांढरे चौकोन उजळले.
मी हात वर उचलला. हलत होता थोडा.
तो थांबेपर्यंत थांबले.