दहा की सोळा

लोहार चाळीत वेलजीभाईंच्या काउंटरवर
केबलचे तुकडे उभे, कापलेलं तोंड वर,
आत तांबं ताज्या जखमेसारखं.
दहा चौरस मिलिमीटर. सोळा. पंचवीस.
ते म्हणतात, दहा ले ने, बहुत झालं,
सहा तर गाड्या तुझ्या.

गाड्या म्हणजे कॅरॅव्हॅन.
मनोरीला एस्तेर ग्रेशियसच्या खाचरात
चार वर्षं भात नाही.
तिथे चाकांवरच्या सहा खोल्या येणार,
त्यांत शहरातली माणसं येऊन
दोन रात्री गाव गाव खेळणार.

माझा हिशेब जुन्या बिलाच्या पाठीवर.
मीटरपासून शेवटच्या गाडीपर्यंत नव्वद मीटर
(पावलांनी अठ्ठ्याण्णव भरले होते, टेप खरी).
सगळ्यांनी एसी लावले, कुणी किटली ठेवली,
की चाळीस अँपिअर.
दहाच्या केबलीत सोळा व्होल्ट वाटेत सांडतात,
सोळाच्या केबलीत दहा.
सांडतात म्हणजे जमिनीला ऊब देतात,
जी तिने मागितलेली नसते.
फरक सत्तावीस हजारांचा.

फोन केला.
गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणं हेही वायरमनचंच काम.
म्हटलं, पहिल्या पाच गाड्यांना कळणारही नाही,
फक्त शेवटचीला जरा…
एस्तेर म्हणाली, शेवटच्या गाडीत इग्नेशियस राहणार.

भाऊ तिचा. एकतीस वर्षं बोटींवर इलेक्ट्रिशियन.
आता पाया असलेल्या घरात त्याचा डोळा लागत नाही.
चाकं असली की बरं वाटतं म्हणतो,
फिरत नसली तरी.

मी फोन कानाला तसाच धरून.
भांडुपच्या टेकडीवर आमची खोली
खांबाच्या लाइनीत शेवटची होती.
सातला ट्यूब नुसती डोळे मिचकवायची,
दोन टोकांना तांबूस, मध्ये काही नाही.
आई म्हणायची, खालच्यांची जेवणं होऊ देत.
खालचे निजले की आमच्याकडे उजेड यायचा,
तोवर मी पुस्तकावर गार.

वेलजीभाई, सोळा.
तांबं. आर्मर्ड. पंच्याण्णव मीटर कापा.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
आणि टेप ओढताना चार बोटं जास्त सोडली.

मार्व्याच्या धक्क्यावर चौघांच्या खांद्यावर वेटोळं.
तिकीटवाला म्हणे, हे माणूस की सामान?
नौशाद म्हणाला, अजगर. झोपलाय. हाफ लाव.

अडीच फूट चर. किनाऱ्याची वाळू फुकट होती,
घेतली नाही, ती खारट.
वर विटा, विटांवर पिवळी पट्टी,
म्हणजे उद्या कुणी कुदळ घातली
तर निदान आधी पट्टी ओरडेल.
आत लाल, पिवळा, निळा.
निळ्याला न्यूट्रल केलं,
पिवळ्याच्या दोन्ही टोकांना हिरवी टेप: अर्थिंग.
अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ.
मीठही बिलात लावलंस?
एस्तेर खाडीकडे हात करून हसत सुटली.

रात्री सगळं एकदम चालू केलं.
पाच एसी, सहा किटल्या,
जेवढं मागून आणता आलं तेवढं.
मीटरपाशी दोनशे चौतीस.
मल्टीमीटर घेऊन अंधारातून चालत गेलो
शेवटपर्यंत, पाय बेडकांना चुकवत.

दोनशे चोवीस.

इग्नेशियसने माझ्या हातातून मल्टीमीटर घेतला,
स्वतः लावून पाहिला. पुन्हा लावला.
मान हलवली, जशी एका खलाशाने
दुसऱ्या बोटीला हलवावी.
मग दिवा बंद केला.

पायरीवर बसून राहिला बिडी ओढत.
मी म्हटलं, लाइट लावा की, आहे भरपूर.
तो म्हणाला, असू दे.
आहे ना? मग असू दे.

चार मीटर केबल उरली.
नौशाद विचारतो, वेलजीभाईंना परत करायची?
माझ्या पिशवीत आहे. बघू.