कडी

दुकानदार म्हणाला होता,
ऑटोमॅटिक आहे मॅडम, धक्का कळायचासुद्धा नाही.

आसनेच्या काठी पहिला बार टाकला.
मातीची थाळी तशीच तरंगत गेली.
दस्त्यानं गालफडात दिली,
खांदा सांध्यातून निसटला की काय असं झालं,
आणि टिटवी ओरडत, हसत म्हणा, उडाली.

आठवडाभर फळ्यावर लिहिताना
हात कानाच्या वर जाईना.
पदर सरकला तेव्हा तो जांभळा डाग
कौसडीकरबाईंनी पाहिला.
काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.

नांदेडात गुलजारसिंगानं पुढचं लाकूड उतरवलं,
स्प्रिंग बोटानं चाचपली.
"कडी मागं पडून हाय की ओ ताई.
हिनं पुढं राहून अडवायचं असतंय.
ही मागं बसल्यावर
समदं तुमच्यावरच येणार ना!"
दोन मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत.

आता बार सुटतो तेव्हा
ओळखीच्यानं खांद्यावर थाप द्यावी, एवढंच.
डागही पिवळा पडत चाललाय.

फक्त शाळेच्या फाटकाशी
मला न्यायला हे येतात,
रोज रात्री हळदीचा लेप कोमट करणारे,
त्यांना हल्ली स्टाफरूममधलं कुणी
नमस्कार करत नाही.