पल्ला

दस्तगीर बॉनेटमधे कमरेपर्यंत गेलाय,
तोंडात टॉर्च,
म्हणून त्याचे शब्द अर्धेच पोचतात.
"दाबा, टीचर."
दाबलं.
"दाबूलालाय न्हवं?"
दाबलंय रे, खाली पत्र्याला लागलं.
"मग हितं का उघडंना झालंय?"

गाडी अडुसष्टची फियाट,
इंजिन तिचं, कार्बोरेटर दुसऱ्याच गाडीचा,
उद्यमबागेतल्या भंगारातून वजनावर घेतलेला,
मोठ्या गळ्याचा.
मधली सळी तेवढी जुनी.
दोघांच्याच स्वयंपाकाची सवय झालेला हात
दहा पाहुणे आले तरी दोन मुठीच तांदूळ धुतो,
तशी ती ठरलं तेवढंच ओढते.
आत पितळी पाकळी पाऊण वळून थांबते.
उरलेली हवा बाहेर उभी.

म्हणूनच मच्छेपुढच्या चढावर परवा
उसाच्या ट्रॅक्टरनं मला मागं टाकलं,
दोन ट्रॉल्यांसकट,
आणि ट्रॅक्टरवाल्यानं वळून हात केला.

सळीचं टोक आतल्या भोकात घाल, मी म्हटलं,
आसाच्या जवळ. तेवढ्याच ओढीत जास्त वळेल.
तीस वर्षं आठवीला तरफ शिकवली मी,
खडूनं, फळ्यावर.
त्यातल्या एकीलाही कधी ग्रीस लागलं नव्हतं.

पाकळी उघडली, पूर्ण.
आणि गेटबाहेर नुसता अंगठा टेकला तर
गाडी उडाली ती
अण्णाप्पाच्या चहाच्या बाकाला चिकटून थांबली.
बाकावरचे तिघं उठले, एकाचाही कप सांडला नाही.
अण्णाप्पा कन्नडमधे जे म्हणाला
ते मला समजलं, लिहीत नाही.

निम्मा दोष माझ्या घोट्याचा.
गेल्या श्रावणात मोडला, आत दोन स्क्रू आहेत.
कॅम्पातली फिजिओवाली पोरगी
पारदर्शक कोनमापक लावून बघते:
"वीस पाहिजेत मॅडम, अकराच येतायत."
त्या अकरा अंशांत मला सगळं बसवायचंय,
बंद, सुरू, रांगणं, चढ, आणि कधीतरी
मोकळा रस्ता मिळालाच तर तोही.

दस्तगीर बराच वेळ काही बोलला नाही.
मग टोक परत बाहेरच्या भोकात.
अरे, पुन्हा तिथंच?
"तडीरी."
त्यानं पट्टीचा नट सैल केला,
पट्टी आसावर थोडी मागं फिरवली,
पाय सोडलेला असताना सळीशी काटकोन येईल एवढी,
आणि सळी तेवढी आखूड केली, आटा आटा मोजत.
"भोक न्हाई बदलायचं, तोंड बदलायचं.
आता सुरवातीला सावकाश वळतंय,
फुडं भरभर."

मी जमिनीवर बोटानं काटकोन काढला,
पुसला, पुन्हा काढला.
बरोबर होतं.
हे पुस्तकात होतं काय? असेल.
मी शिकवलं नव्हतं.

पेडलवर सागाचा तुकडा बसला, माझ्या टाचेच्या मापाचा.
खाली एक बोल्ट, थांबायला,
पाकळी थांबेल तिथंच पायही थांबावा,
सळीला उगाच ताण नको.

मग देसूरपर्यंत गेलो.
दस्तगीर घरात उर्दू बोलतो,
दुकानात गिऱ्हाईक येईल ती भाषा.
डॅशबोर्डवर पंजा टेकून बसलेला, जसं काही
हातानंच गाडी थोपवणार आहे.
चढ आला. मी दाबत गेले,
तुकडा, स्प्रिंग, सळी, पट्टी,
आणि कुठंतरी पुढं
तो मोठा गळा श्वास घ्यायला लागला.

साकु? मी विचारलं.
"अजून हाय की," तो म्हणाला.

हाय. पण पाय उचलला की
परतीची स्प्रिंग बारीक कुरकुरते,
आणि आज रविवार,
स्प्रिंगवाला बंद.